मोतीचे ऑपरेशन आणि विम्याचा कागद

दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारची गोष्ट. आम्ही नेहमीप्रमाणे वस्तीतल्या वाचनालयाच्या पडवीत बसून लोकांचे अर्ज भरून देत होतो. कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, कोणाच्या भविष्यनिर्वाह निधीचा दावा. रांगेत सर्वात शेवटी आमच्या मागच्या गल्लीतल्या वहिनी उभ्या होत्या. सोबत त्यांचा दहावीतला मुलगा. वहिनींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले आणि इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हसू नका हं. कुत्र्याच्या विम्याचे कागद आहेत."

रांगेतल्या दोघा-तिघांना हसू आलेच. एकजण तर म्हणाला, "माणसांच्या विम्याचे वांधे, आणि हे कुत्र्याचा घेऊन आलेत!" मुलाने मान खाली घातली. आम्ही त्या गृहस्थांना गप्प केले आणि कागद हातात घेतले. कारण बिलावरचा आकडा हसण्यासारखा नव्हता. २८ हजार ४०० रुपये.

मोती हा त्यांचा कुत्रा. जातिवंत वगैरे काही नाही. पावसाळ्यात गटाराच्या कडेला सापडलेले पिल्लू मुलाने घरी आणले आणि वाढवले. वहिनींचे यजमान रात्रपाळीचे वॉचमन. घरात दोन मुले आणि वहिनी, अशा घराची रात्रीची राखण मोतीच करतो. एका सकाळी टेम्पोची धडक बसली आणि मोतीच्या मागच्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. मुलगा दोन दिवस जेवला नाही. जवळच्या खाजगी दवाखान्यात प्लेट बसवून ऑपरेशन झाले. वहिनींनी बचत गटातून २० हजार उचलले. उरलेले पैसे मुलाच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवले होते, ते घातले. दहावीचे वर्ष आणि क्लासची फी कुत्र्याच्या पायात गेली, म्हणून घरात दोन दिवस भांडण झाले. त्यात एकच आशा होती. चार महिन्यांपूर्वी यजमानांनी मुलाच्या हट्टापायी २ हजार ९०० रुपये भरून मोतीचा विमा उतरवला होता.

"आता सगळे पैसे परत येतील ना भाऊजी?" वहिनींचा हा प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ लोकांना ठाऊक नसते, म्हणून आजचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की पाळीव जनावरांचा विमा ही नवी टूम नाही. स्वीडनसारख्या देशात कुत्र्याचा विमा १९२४ पासून आहे. अमेरिकेत १९८२ साली अशी पॉलिसी निघाली, आणि पहिली पॉलिसी चित्रवाणीवर गाजलेल्या लॅसी या कुत्र्याची होती. आपल्याकडे सरकारी विमा कंपन्यांकडे कुत्र्याचा विमा पूर्वीपासून होता, परंतु त्यात मुख्यतः कुत्रा मेला तर भरपाई असे. ऑपरेशनच्या आणि दवाखान्यात ठेवण्याच्या खर्चाचा विमा हा अलीकडचा. २०२० पासून खाजगी कंपन्यांनी तो पुढे आणला, आणि त्यात गावठी व मिश्र जातीच्या कुत्र्यांनाही काही कंपन्या घेतात. म्हणजे हा केवळ बंगल्यातल्या कुत्र्यांचा विषय उरलेला नाही.

आता हा विमा ऑपरेशनचा खर्च कसा देतो ते पाहू.

पहिली गोष्ट. या विम्यात बहुधा पैसे आधी आपण भरायचे असतात आणि मग कंपनीकडून परत मागायचे असतात. माणसांच्या मेडिक्लेममध्ये काही इस्पितळांत कार्ड दाखवले की भागते, तसे जनावरांच्या दवाखान्यात सहसा होत नाही. त्यामुळे विमा असला तरी ऑपरेशनच्या दिवशी रोख रक्कम लागतेच. वहिनींना बचत गटाकडे जावे लागले ते यामुळेच.

दुसरी गोष्ट. पॉलिसीत ऑपरेशनसाठी एक कमाल रक्कम लिहिलेली असते. त्याच्यावरचा खर्च आपला. ही रक्कम पूर्ण वर्षासाठी आहे की प्रत्येक ऑपरेशनसाठी, हे नीट वाचावे. वर्षाची असेल तर एका ऑपरेशनमध्ये संपली की त्या वर्षी दुसऱ्याला काही उरत नाही.

तिसरी गोष्ट. अपघात आणि आजार यांत फरक केला जातो. पॉलिसी घेतल्यावर आजारांसाठी काही दिवस थांबावे लागते. त्या मुदतीत आजार उद्भवला तर पैसे मिळत नाहीत. अपघाताला ही मुदत बहुधा नसते किंवा अगदी थोडी असते. पॉलिसी घेण्यापूर्वीचे दुखणे तर कधीच धरले जात नाही. कुत्रा आजारी पडल्यावर धावत जाऊन विमा उतरवणे म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणायला घेण्यासारखे आहे.

चौथी गोष्ट, जी सर्वात जास्त लोकांना फसवते. मान्य झालेल्या खर्चातूनही कंपनी दोन प्रकारची वजावट करू शकते. एक ठराविक रक्कम प्रत्येक दाव्यात आपण सोसायची, आणि उरलेल्या रकमेतला काही टक्के वाटाही आपला. दोन्ही गोष्टी पॉलिसीत लिहिलेल्या असतात, फक्त बारीक अक्षरात.

मोतीच्या बिलाचा हिशेब आम्ही मुलाकडूनच वहीत लिहून घेतला, तो असा. ऑपरेशन आणि भूल १६ हजार. प्लेट व स्क्रू ६ हजार. दवाखान्यातला मुक्काम व इंजेक्शने ३ हजार २००. एक्स-रे आणि रक्ततपासणी १ हजार ८००. गळ्यातला पट्टा, खाणे आणि जाण्यायेण्याचा टेम्पो १ हजार ४००. एकूण २८ हजार ४००.

यातले शेवटचे १ हजार ४०० उपचारात धरले जात नाहीत. राहिले २७ हजार. पॉलिसीची कमाल रक्कम ३० हजार होती, म्हणजे त्या मर्यादेत बसले. त्यातून आपण सोसायचे १ हजार वजा केले, राहिले २६ हजार. त्याचा २० टक्के वाटा मालकाचा, म्हणजे ५ हजार २००. कंपनीकडून येणे २० हजार ८००.

"म्हणजे साडेसात हजार बुडालेच की!" वहिनी म्हणाल्या. आम्ही म्हणालो, "वहिनी, ७ हजार ६०० तुमचे गेले. त्यात विम्याचे २ हजार ९०० धरा, आणि बचत गटाचे महिना २ टक्क्याने दोन महिन्यांचे व्याज ८०० धरा. ११ हजार ३०० झाले. विमा नसता तर २८ हजार ४०० आणि वर व्याज गेले असते. सगळे वाचले नाही, पण निम्म्याहून जास्त वाचले." हे आकडे या एकाच प्रकरणाचे आहेत, प्रत्येक पॉलिसीचे वेगळे असतील. परंतु हिशेबाची रीत हीच.

तरी काम एवढ्यावर संपले नाही. कागद पाहता आम्हांला दोन चुका सापडल्या. एक तर दवाखान्याने दिलेली पावती कच्ची होती, तिच्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. दुसरे म्हणजे पॉलिसीत कुत्र्याचे नाव 'मोत्या' आणि दवाखान्याच्या कागदावर 'मोती'. ऐकायला ही गंमत वाटेल. पण आम्ही पंचवीस वर्षे कारकुनी करतो आहोत, एका काना-मात्रेपायी अडकलेले दावे आम्ही पाहिले आहेत. मुलाला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाठवले. डॉक्टर भले होते. त्यांनी पक्के बिल दिले आणि दोन्ही नावे एकाच कुत्र्याची असल्याचा दाखला लेटरहेडवर लिहून दिला. एक्स-रे, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, लसीकरणाचे पुस्तक, मोतीचा फोटो आणि पॉलिसीची प्रत, असा गठ्ठा बांधला. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवायला सांगितली.

लसीकरणाच्या पुस्तकाचे महत्त्व येथे विशेष सांगतो. ज्या रोगाला लस आहे, तो रोग लस न टोचल्यामुळे झाला, तर पुष्कळ पॉलिसी पैसे देत नाहीत. रेबीजची लस तर विमा असो वा नसो, दरवर्षी टोचलीच पाहिजे. तो कुत्र्यापेक्षा आपल्या लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट भरत बसू नये.

कोणत्या ऑपरेशनला पैसे मिळत नाहीत तेही लक्षात ठेवावे. नसबंदी, बाळंतपण, शेपूट किंवा कान कापणे, दातांची सफाई असल्या गोष्टी सहसा वगळलेल्या असतात. काही पॉलिसींत जन्मजात किंवा वंशाने येणारे दोषही वगळतात. नसबंदीला विमा पैसे देत नाही म्हणून ती टाळू नये. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात उतारवयात पू होतो, आणि मग जीव वाचवण्यासाठी तेच गर्भाशय घाईघाईने काढावे लागते. तेव्हा खर्चही जास्त आणि धोकाही जास्त. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे नगरपालिका-महानगरपालिकांवर आहे. आपल्या वस्तीत ते काम होत नसेल तर नगरसेवकाला किंवा वॉर्ड ऑफिसला लेखी विचारावे.

आता गावाकडच्या बांधवांसाठी दोन शब्द. गाय, म्हैस, शेळी यांचा विमा आणि कुत्र्याचा विमा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा धडा आमच्या मामांनी आम्हांला शिकवला. मामांच्या म्हशीने वैरणीबरोबर तार गिळली. डॉक्टरांनी पोट उघडून तार काढली आणि म्हैस वाचली. मामा विम्याचा कागद घेऊन आमच्याकडे आले. कागदात 'शस्त्रक्रिया' हा शब्द होताच. पण त्याचा अर्थ असा की, शस्त्रक्रिया करताना जनावर दगावले तर भरपाई. ऑपरेशनच्या बिलाची नव्हे. मामा चिडून म्हणाले, "म्हैस मेली असती तर पैसे मिळाले असते, जगली म्हणून मी बुडालो. असा कसा रे तुझा विमा?"

मामांचा राग खोटा नव्हता. गुरांचा विमा हा मुळात जनावराच्या किमतीचा विमा आहे, दुभते जनावर गेले तर घर उघड्यावर पडू नये म्हणून. काही पॉलिसींत जादा हप्ता भरून कायमचे निकामी होण्याची भरपाई घेता येते. उपचाराचा खर्च मात्र त्यात येत नाही. तरीसुद्धा हा विमा घ्यावा असेच आम्ही सांगू. राष्ट्रीय पशुधन अभियानात केंद्र सरकारने २०२४ साली बदल केला आणि हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतात. शेळ्या-मेंढ्यांची मर्यादाही त्या वेळी वाढवली. पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्यात याची चौकशी करावी. मात्र जनावराच्या कानातला बारा आकडी बिल्ला जपावा. बिल्ला पडला तर त्याच आठवड्यात नवा मारून घेऊन कंपनीला कळवावे. बिल्ला नाही तर दावा नाही, हा त्या विम्याचा लोखंडी नियम आहे.

आता आमच्याजवळ काही जण विचारतील, की आमच्यासारख्यांनी कुत्र्याचा विमा घ्यावा की नाही? आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. आधी घरातल्या माणसांचा बंदोबस्त करावा. ज्यांचे कामगार विम्याचे कार्ड आहे त्यांनी त्यात बायको-मुलांची व आई-वडिलांची नावे आहेत ना, ते तपासावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्याचे कार्ड काढून ठेवावे. हे झाल्यावर घरात हप्त्याइतके पैसे सुटत असतील आणि कुत्रा तरुण असेल, तर विमा घ्यायला हरकत नाही. वय वाढल्यावर कंपन्या नवा विमा देत नाहीत. हप्ता झेपत नसेल तर दर महिन्याला दोनशे रुपये वेगळ्या डब्यात टाकावेत. तोही एक प्रकारचा विमाच आहे.

आणि स्वस्त मार्गही विसरू नये. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून आहे. त्याच परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जिथे शिकवणे चालते तिथे ऑपरेशनेही होतात आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो. खेड्यापाड्यात १९६२ या क्रमांकावर फोन केला की सरकारचा फिरता पशुदवाखाना येतो. वहिनींना हे आधी ठाऊक असते तर कदाचित बिल निम्मे झाले असते. ही चूक त्यांची नाही. माहिती वस्तीपर्यंत पोहोचत नाही, ही चूक आम्हां कार्यकर्त्यांची.

विमा घेताना पुढील प्रश्न लेखी विचारावेत.

१. ऑपरेशनसाठी कमाल रक्कम किती, आणि ती वर्षाची की प्रत्येक वेळची?
२. आजारासाठी किती दिवस थांबायचे?
३. प्रत्येक दाव्यात आमचा वाटा किती?
४. ऑपरेशनपूर्वी कंपनीला कळवायचे का, आणि अपघातानंतर किती वेळात?
५. कोणती ऑपरेशने वगळली आहेत?
६. कुत्र्याची ओळख कशी पटवायची, फोटोने की कातडीखाली बसवलेल्या चिपने?

एजंट तोंडाने "सगळे मिळते" म्हणाला तर त्याला म्हणावे, "दादा, कागदावर कुठे आहे ते दाखवा."

दावा नाकारला किंवा रक्कम कापली तर गप्प बसू नये. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत. तेथे फी नाही, वकील नाही, साधा मराठी अर्ज चालतो. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात फी पडत नाही.

विम्याचा विषय आपल्याला परका वाटतो, पण तो तसा नाही. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी असे मांडले होते की, विमा हा सरकारचाच व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या मानाने आयुर्विमा सक्तीचा असावा. संकटाचा भार एकट्याच्या डोक्यावर पडू नये, तो सर्वांनी मिळून उचलावा, हे विम्याचे मूळ आहे. आज बाजारात अनेक कंपन्या आहेत आणि कागद किचकट आहेत. म्हणूनच तो कागद वाचता येणे हे आपल्या मुलांच्या शिक्षणाचेच एक अंग आहे.

मागच्या रविवारी वहिनी पुन्हा पडवीत आल्या. या वेळी रांगेत सर्वात पुढे. २० हजार ८०० रुपये खात्यात जमा झाले होते. बचत गटाचे देणे फिटले. क्लासवाल्या सरांनी उरलेली फी दोन हप्त्यांत घेण्याचे कबूल केले. ज्या गृहस्थांनी त्या दिवशी चेष्टा केली होती, ते मुलाजवळ जाऊन विचारत होते, "बाळा, आमच्या शेळ्यांचे काय करता येईल रे?" मुलाने आमच्याकडे पाहिले आणि स्वतःच सांगायला सुरुवात केली, "काका, आधी बिल्ला मारून घ्यावा लागेल."

मोती पडवीच्या पायरीशी बसला होता. थोडा लंगडतो, पण आम्हांला पाहून भुंकला मात्र पूर्वीसारखाच.

पुढील आठवड्यात : भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातील नाव आणि जन्मतारखेची चूक कशी दुरुस्त करावी.